पंख्यावरचं नाव आणि विजेचं बिल : मोफत गेम इंजिनात नवं फीचर येतं कसं?

‘किल्ला’ हा शब्द संगणकाच्या पडद्यावर नीट उमटायला किती खटपट लागते, याचा विचार आपण सहसा करत नाही. मोबाइलवर टाइप केला की येतो, एवढंच आपल्याला माहीत. पण संगणकाच्या पोटात तो साठवलेला असतो तो असा: क, मग ऱ्हस्व वेलांटी, मग ल, मग पाय मोडल्याची खूण, पुन्हा ल आणि शेवटी काना. सहा चिन्हं, एकापाठोपाठ एक. वेलांटी साठवली जाते ‘क’च्या नंतर आणि दिसायला हवी ‘क’च्या आधी. दोन ‘ल’ एकमेकांत मिसळून त्यांचं जोडाक्षर व्हायला हवं. इंग्रजीत बहुतेक वेळा एक चिन्ह म्हणजे एक आकार. ते डावीकडून उजवीकडे मांडत गेलं की भागतं. आपल्या लिपीला मात्र मध्ये एक जाणकार लागतो. आधी सगळी चिन्हं वाचायची, कुठलं कुठे बसेल आणि कुठलं कशात मिसळेल ते ठरवायचं आणि मगच अक्षर रेखाटायचं, हे त्याचं काम.

गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये हा जाणकार असेलच असं नसतं. गोडो (काहीजण गोडॉट म्हणतात) नावाचं जगभर वापरलं जाणारं मोफत गेम इंजिन आहे. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत हा जाणकार त्यात नव्हता. मराठी संवाद लिहिले की वेलांट्या भलत्या बाजूला जायच्या आणि जोडाक्षरं सुटी सुटी व्हायची. मार्च २०२३ मध्ये चौथी आवृत्ती आली, त्यात मजकूर मांडणारा भाग नव्याने बांधलेला होता. अक्षरं जुळवण्यासाठी त्यात हार्फबझ हे मुक्त सॉफ्टवेअर घेतलं होतं. देवनागरी, तमिळ, थाई, उजवीकडून डावीकडे जाणारी अरबी, सगळं एकदम नीट दिसू लागलं.

या बदलाचा मला मनापासून आनंद झाला, आणि त्याच्याच मागून एक प्रश्न आला. गोडो वापरायला एक पैसा लागत नाही. त्यावर बनवलेला गेम विकून कोणी कोट्यवधी कमावले, तरी त्यातला वाटा द्यावा लागत नाही. मग ते बनवणाऱ्यांचं घर कशावर चालतं? आणि एखाद्या फीचरची गरज असलेल्या बहुतेकांकडे द्यायला पैसेच नसतील, तर त्या फीचरची पाळी कधी येते?

आधी गेम इंजिन म्हणजे काय ते पाहू. चेंडू खाली पडणं, भिंतीला आपटून परत येणं, बोट लागलं की उडी मारणं, आवाज वाजणं, सेकंदाला साठ वेळा चित्र नव्याने काढणं, ही कामं जवळजवळ प्रत्येक गेममध्ये असतात. ती दर वेळी पहिल्यापासून लिहीत बसणं म्हणजे घरोघरी पिठाची गिरणी बसवण्यासारखं. गिरणी गावात एक असते आणि सगळे तिथेच दळण नेतात. इंजिन म्हणजे ती गिरणी. युनिटी आणि अनरिअल या कंपन्यांच्या मालकीच्या मोठ्या गिरण्या. गोडो सुरू केलं अर्जेंटिनातल्या ख्वान लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सूर या दोघांनी. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्यांनी त्याचा सोर्स कोड (प्रोग्रॅमरांनी लिहिलेला मूळ मजकूर) एमआयटी परवान्याखाली सगळ्यांसाठी खुला केला. कोणीही घ्यावा, बदलावा, विकावा, परवानगी विचारायची गरज नाही. गिरणी गावाच्या नावावर झाली. आता तिचं जातं झिजलं तर पैसे कोणी द्यायचे, हे गावालाच ठरवायचं होतं.

तयार वस्तू सोडवून आणणं

लोकवर्गणीतून सॉफ्टवेअरचं भलं झाल्याची सगळ्यात गाजलेली गोष्ट गोडोच्या आधीची आहे. त्रिमितीय चित्रं आणि ॲनिमेशन करणारं ब्लेंडर हे सॉफ्टवेअर नॉट अ नंबर या डच कंपनीचं होतं. २००२ च्या सुरुवातीला ती कंपनी बंद पडली. ब्लेंडरचे मूळ कर्ते टॉन रोसेंडाल यांनी गुंतवणूकदारांना विचारलं, की सोर्स कोड मोकळा करायला काय घ्याल? ठरली १ लाख युरो. वापरणाऱ्यांना साद घातली गेली आणि सात आठवड्यांत रक्कम जमली. १३ ऑक्टोबर २००२ ला ब्लेंडर मुक्त झालं.

ही गोष्ट ऐकली की वाटतं, बस, असंच करायचं. पण त्या लोकांनी पैसे कशासाठी दिले ते नीट पाहायला हवं. कोड आधीच लिहून झालेला होता. तो कुलपात होता आणि कुलपाची किंमत ठरलेली होती. रक्कम एक, वस्तू एक, तारीख एक. नवं फीचर म्हणजे अजून अस्तित्वात नसलेली वस्तू. तिला किती दिवस लागतील हे ती बनवणाऱ्यालाही पुरतं माहीत नसतं. ब्लेंडरच्या यशाचं गणित तिथे तसंच्या तसं लागू पडत नाही.

फीचरला भाव लावून पाहिला तेव्हा

हा प्रयोग मनापासून करून पाहिला तो क्रिटाने. क्रिटा हे चित्र काढण्याचं मुक्त सॉफ्टवेअर, गेमसाठी पात्रं आणि पार्श्वभूमी रंगवणारे पुष्कळ जण ते वापरतात. २०१४, २०१५ आणि २०१६ अशी ओळीने तीन वर्षं त्यांनी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर मोहीम काढली. पहिल्या वर्षी उद्दिष्ट १५ हजार युरोंचं, दुसऱ्या वर्षी २० हजारांचं. पैसे वर जमले की जास्तीची फीचर्स घ्यायची आणि त्यातलं आधी कुठलं, हे देणाऱ्यांनी मत देऊन ठरवायचं. देणाऱ्याला आपला पैसा कुठे गेला ते दिसतं आणि बनवणाऱ्यांना काय हवंय ते कळतं. यातला प्रामाणिकपणा मला फार भावतो.

तिसऱ्या मोहिमेचा विषय होता मजकूर आणि व्हेक्टर चित्रं, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांच्या गणितातून काढलेली, कितीही मोठी केली तरी न बिघडणारी चित्रं. त्यातलं व्हेक्टरचं काम मार्च २०१८ च्या क्रिटा ४.० मध्ये चांगलं उतरलं. मजकुराचं साधनही आलं, पण अपुरं. त्याची मुळापासून फेरबांधणी पुढे कितीतरी वर्षं चालू राहिली. यात कोणी फसवलं नाही की कोणी आळस केला नाही. मजकूर हे प्रकरणच खोल आहे. ‘किल्ला’ लिहायला काय काय लागतं ते आपण वर पाहिलंच. तीस दिवसांच्या मोहिमेसाठी त्याचा अंदाज बांधायचा आणि त्यावर भावाची चिठ्ठी लावायची, हेच मुळात अवघड.

क्रिटाच्या पुढच्या पावलाने मला खूप शिकवलं. २०१८ च्या मोहिमेत त्यांनी एकही नवं फीचर कबूल केलं नाही. पैसे मागितले ते बग, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका, मारायला. आधीच असलेल्या गोष्टी नीट चालाव्यात, एवढ्यासाठीच. त्यानंतर तेही हळूहळू दर महिन्याच्या निधीकडे वळले.

पंखा आणि बिल

हे समजून घ्यायला आपल्याकडचं कुठलंही जुनं वाचनालय किंवा देऊळ डोळ्यांसमोर आणावं. पंख्याच्या पात्यावर नाव असतं, ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’. बाकावर नाव, घड्याळावर नाव, पाण्याच्या टाकीवर नाव. लोक आनंदाने देतात, देणारा भला माणूसच असतो. पण पंखा फिरतो विजेवर आणि विजेच्या बिलावर कोणाच्या स्मरणार्थ असं छापत नाहीत. ग्रंथपालाचा पगार, गळक्या कौलांची डागडुजी, वाळवीचं औषध, यांना नावाची पाटी नसते. म्हणून कधी कधी सहा पंखे असलेल्या वाचनालयात दुपारी अंधार असतो.

सॉफ्टवेअरमध्ये फीचर हा पंखा. आणि वीज म्हणजे काय, ते जरा सविस्तर पाहू, कारण बाहेरच्या माणसाला हाच भाग दिसत नाही.

समजा एखाद्याने गोडोसाठी फीचर लिहिलं. तो ते प्रकल्पापुढे ठेवतो, त्याला पुल रिक्वेस्ट म्हणतात. आता ते कोणीतरी वाचायला हवं. नुसतं वाचून भागत नाही. विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड, आयफोन, ब्राउझर या सगळ्यांवर ते चालेल का? जुने गेम त्याने मोडतील का? दुसऱ्या कोणी याच जागी निराळा बदल करत आहे का? नावं सुसंगत आहेत का? कागदपत्रं लिहिली का? हे तपासणारा माणूस लिहिणाऱ्याहून अधिक अनुभवी लागतो आणि असे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. गोडोकडे उघड्या पुल रिक्वेस्ट हजारोंनी असतात. कोड लिहून द्यायला उत्साही माणसं आहेत, अडतं ते तपासणीपाशी.

आणि फीचर एकदा आत घेतलं की ते घरातल्या म्हशीसारखं होतं. रोज चारा लागतो. अँड्रॉइडची नवी आवृत्ती आली की ते पुन्हा पाहा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला की पुन्हा पाहा. ज्याने लिहिलं त्याला दरम्यान नोकरी लागलेली असते, मूल झालेलं असतं. चारा घालणारं कोणी उरलं नाही की फीचर काढून टाकावं लागतं. ब्लेंडरमध्ये पूर्वी त्याचं स्वतःचं गेम इंजिन होतं; जुलै २०१९ च्या २.८० आवृत्तीत ते काढलं, कारण सांभाळणारं कोणी नव्हतं. गोडोनेही ३.० मध्ये आणलेली चित्रांच्या ठोकळ्यांतून प्रोग्रॅम लिहिण्याची सोय चौथ्या आवृत्तीत काढून टाकली. पाहणीत ती मुख्यत्वे वापरणारे अर्धा टक्काच निघाले होते आणि तिला सांभाळायला माणूस नव्हता.

याच कारणाने एकेका फीचरवर इनाम लावायची पद्धत, जिला बाउंटी म्हणतात, मला पटत नाही. तिथे पाचशे डॉलर ठेवायचे, जो पहिला करेल तो घेऊन जाईल. दोघांनी एकाच वेळी केलं तर एकाचे महिने वाया. घाईत केलेलं काम तपासणाऱ्याच्या गळ्यात पडतं आणि त्याला इनामातला छदामही मिळत नाही. इनाम घेऊन गेलेला माणूस पुढच्या वर्षी बग निघाल्यावर परत येईलच असं नाही. छोट्या, काटेकोर, एकदाच संपणाऱ्या कामाला बाउंटी ठीक. इंजिनातली बहुतेक कामं तशी नसतात.

मायक्रोसॉफ्टचे २४ हजार डॉलर

गोडोच्या इतिहासात ठरावीक फीचरसाठी आलेल्या रकमाही आहेत आणि त्यातून चांगलं निघालेलंही आहे. २०१६ मध्ये फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने मुक्त सॉफ्टवेअरसाठीच्या आपल्या निधीतून २० हजार डॉलर दिले, ते गेम ब्राउझरमध्ये चालवण्याशी निगडित कामासाठी. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने २४ हजार डॉलर दिले, ते सी शार्प ही प्रोग्रॅमिंगची भाषा गोडोत वापरता यावी म्हणून. जानेवारी २०१८ च्या ३.० मध्ये सी शार्प आली. युनिटीवर शिकलेल्या हजारो लोकांना ही भाषा आधीच येत होती, त्यामुळे त्यांना गोडोचा उंबरा ओलांडणं सोपं झालं.

पण पुढे? त्या वेळी सी शार्प मोनो नावाच्या पायावर उभी होती. चौथ्या आवृत्तीत तो पाया बदलून डॉटनेट ६ वर यावं लागलं, म्हणजे बरंचसं काम पुन्हा. ४.० निघाली तेव्हा सी शार्पमध्ये लिहिलेला गेम ना मोबाइलवर निर्यात होत होता, ना ब्राउझरवर. मोबाइलची सोय नंतरच्या आवृत्तीत, तीही आधी प्रायोगिक म्हणून आली, आणि ब्राउझरचं घोंगडं त्यानंतरही भिजत राहिलं. २०१७ चा धनादेश २०२३ चं काम कसं भागवणार? पंखा दिला, फार छान दिला, पण वीज पुढच्या सगळ्या वर्षांची लागते.

मग वीज कोण भरतं

देणगी घ्यायची तर आधी नाव लागतं, बँकेत खातं लागतं, हिशेब ठेवणारा आणि कर भरणारा लागतो. चार प्रोग्रॅमर मिळून हे करू गेले तर प्रोग्रॅमिंग बाजूला राहतं. हा धोका खोटा नाही. २०१७ मध्ये क्रिटाच्या संस्थेला नेदरलँड्सच्या करखात्याचं २४ हजार युरोंचं बिल आलं आणि वापरणारे धावून आले म्हणून संस्था तरली. गोडोने २०१५ मध्येच सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या अमेरिकेतल्या ना-नफा संस्थेचं छत्र घेतलं. ही संस्था अनेक मुक्त प्रकल्पांचे पैसे सांभाळते, करारमदार करते आणि त्याबद्दल येणाऱ्या रकमेतले १० टक्के ठेवते. छोट्या प्रकल्पाला हा सौदा फार मोलाचा.

२०१७ मध्ये पेट्रिऑन या नियमित वर्गणी गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर मासिक वर्गणी सुरू झाली. मागणी साधी होती: लिनिएत्स्की यांना दुसरी नोकरी न करता पूर्णवेळ गोडोवर काम करता यावं. फीचरची यादी देऊन भाव सांगितलेला नव्हता. एका माणसाचा महिना भागवायचा होता. मला वाटतं गोडोच्या वाटचालीतला सगळ्यात शहाणा निर्णय तो हाच. पुढे त्याच पैशातून आणखी माणसं आली. २०२२ मध्ये नेदरलँड्समध्ये गोडो फाउंडेशन उभं राहिलं आणि जुलै २०२३ मध्ये प्रकल्पाने पेट्रिऑनवरून स्वतःच्या विकास निधीकडे वळायला सुरुवात केली.

मासिक वर्गणीचं गणित एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा एका डेव्हलपरला महिन्याला ४ हजार युरो द्यायचे आहेत. पाच पाच युरो देणारी ८०० माणसं हवीत. प्रत्यक्षात त्याहून जास्तच, कारण प्रत्येक व्यवहारावर पैसे पोचवणारी कंपनी काही टक्के आणि वर एक ठरावीक रक्कम कापते. ही ठरावीक रक्कम पन्नास युरोंच्या देणगीत जाणवत नाही, दोन युरोंच्या देणगीत डोळ्यांत भरते. म्हणून दर महिन्याला थेंबभर देण्याऐवजी वर्षाचं एकदम दिलं तर तेवढ्याच पैशातलं जास्त पोचतं. आणि ८०० जणांतले पन्नास एका महिन्यात गळाले तरी बाकीचे असतात. एकच मोठा दाता असला आणि तो उठून गेला, तर त्या माणसाची नोकरीच जाते.

हा निधी सुरू होऊन साधारण दोन महिने होत होते आणि १२ सप्टेंबर २०२३ उजाडला. त्या दिवशी युनिटीने जाहीर केलं की ठरावीक कमाई आणि ठरावीक संख्या ओलांडलेल्या गेमच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे यापुढे शुल्क लागेल. आधीच बनवून बाजारात असलेल्या गेमनाही ते लागू होणार होतं. गेम बनवणारे हादरले. एका जागी वर्षानुवर्षं बांधलेलं घर आणि जमिनीचा मालक अचानक नवा करार पुढे करतोय, अशी ती अवस्था होती. युनिटीने दहा दिवसांत अटी सौम्य केल्या आणि वर्षभराने शुल्कच रद्द केलं. पण तेवढ्यात गोडोकडे येणारी मासिक वर्गणी काही आठवड्यांतच जवळपास दुप्पट झाली होती.

त्याच दिवसांत टेरारिया या गेमचे निर्माते री-लॉजिक यांनी गोडोला १ लाख डॉलर एकरकमी आणि शिवाय दर महिन्याला १ हजार डॉलर द्यायचं जाहीर केलं. तेवढेच एफएनए या दुसऱ्या मुक्त प्रकल्पालाही. टेरारिया गोडोवर बनलेला नाही. बदल्यात त्यांनी एकही फीचर मागितलं नाही. मला ही देणगी अनरिअल बनवणाऱ्या एपिक कंपनीने २०२० मध्ये दिलेल्या अडीच लाख डॉलरपेक्षाही मोठी वाटते. रकमेने ती लहानच आहे. पण ती एका गेम बनवणाऱ्या घराकडून आली आणि पाटीशिवाय आली.

कंपन्यांच्या पैशाबद्दल शंका घेणारे असतात आणि ती शंका रास्त आहे. पैसे देणारा उद्या हुकूम सोडेल का? यावर गोडोची भूमिका अशी की देणगी म्हणजे देणगी, ती देऊन पुढे काय बनेल हे ठरवण्याचा हक्क मिळत नाही. ठरवतात ते त्या त्या भागाची जबाबदारी घेतलेले लोक, उघड चर्चा करून. आणि एमआयटी परवाना हा शेवटचा आधार आहेच: फाउंडेशन उद्या वाकडं वागलं तर कोड घेऊन वेगळी चूल मांडायला कोणाला विचारावं लागत नाही.

पैशाने जे होत नाही

काही फीचर्स कितीही वर्गणी गोळा केली तरी गोडोच्या मुख्य कोडमध्ये येऊ शकत नाहीत. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स किंवा निन्टेंडो स्विचवर गेम चालवायचा तर त्या कंपन्यांची साधनं लागतात आणि ती गुप्ततेच्या करारावर सही केल्यावरच मिळतात. जे गुप्त ठेवायचं वचन दिलं ते सगळ्यांसमोर उघडं मांडणार कसं? म्हणून गोडोच्या काही प्रमुख लोकांनी २०२२ मध्ये डब्ल्यूफोर गेम्स ही वेगळी कंपनी काढली. ती गुंतवणूकदारांच्या पैशावर चालते आणि अशा सेवा विकते. तिचं आणि फाउंडेशनचं खातं वेगळं आहे आणि ते तसंच राहावं याकडे देणगीदारांनी लक्ष ठेवलं पाहिजे, असं मी आवर्जून म्हणेन.

दुसरी गोष्ट वेळ. ३.० जानेवारी २०१८ ची, ४.० मार्च २०२३ ची. मध्ये पाच वर्षं. चित्र काढणारा भाग व्हल्कन या नव्या तंत्रावर आणण्यासाठी पाया उकरावा लागला. कुठल्या मोहिमेचे देणगीदार पाच वर्षं थांबले असते? आणि उलट बाजूने, पाच वर्षं ज्याचा पगार टिकेल याची खात्री नाही, त्या माणसाने पाया उकरायची हिंमत तरी कशी करावी?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. समजा गोडोत प्रत्येक फीचरसमोर एकेक पेटी ठेवली असती आणि जिच्यात जास्त पैसे तिचं काम आधी, असा नियम असता. चकचकीत सावल्या, पाण्यावरचं प्रतिबिंब, मोठ्या गेमना लागणाऱ्या सोयी यांच्या पेट्या भरल्या असत्या. देवनागरीच्या पेटीत काय पडलं असतं? वापरणारे आपण, बहुतेक विद्यार्थी, किंवा नोकरी सांभाळून रात्री बसणारे. युरोचा भाव बघूनच हात आखडता होतो. फारसी, बांगला, ख्मेर लिहिणाऱ्यांचीही थोडीफार हीच गत. पाटी नसलेल्या पैशाचं खरं मोल इथे कळतं. तो पैसा माणसाला मिळतो, आणि त्या माणसाला गरज पाहून काम निवडता येतं. कोणाची पेटी किती भरली हे त्याला मोजावं लागत नाही.

इथून द्यायचं तर

इथून द्यायची इच्छा असूनही अडचण येते, तिचं कारण माहीत असलेलं बरं. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे कार्डावरच्या आवर्ती कपातीचे नियम कडक झाले. आधी मंजुरी हवी, पैसे कापण्याच्या चोवीस तास आधी सूचना हवी. ग्राहकाच्या दृष्टीने नियम चांगलाच आहे. पण परदेशातल्या अनेक देणगी-व्यवस्था त्यात बसत नाहीत आणि दर महिन्याची कपात मध्येच नाकारली जाते. यूपीआयही तिथे सहसा चालत नाही. ओटीपी टाकून एकदाच केलेला व्यवहार मात्र बहुधा पार पडतो. त्यामुळे इथल्या माणसाला वर्षातून एकदा, ठरवलेल्या दिवशी, एकरकमी देणं हाच सोपा मार्ग. देणगीबद्दलची आयकरातली सवलत परदेशी संस्थेला दिलेल्या पैशावर मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावं.

भारतातूनच मुक्त सॉफ्टवेअरला मोठा पैसा जाऊ लागलाय, हे मला फार आश्वासक वाटतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये झिरोधा या बंगळुरूच्या कंपनीने फ्लॉस फंड जाहीर केला: वर्षाला १० लाख डॉलर, जगातल्या कुठल्याही मुक्त प्रकल्पासाठी, एकेका प्रकल्पाला १० हजार ते १ लाख डॉलर. अर्ज करायला प्रकल्पाने आपल्याला किती आणि कशासाठी हवेत हे एका ठरलेल्या साच्यातल्या फाइलमध्ये लिहून उघड ठेवायचं, एवढीच मुख्य अट. मागणं लपूनछपून नाही आणि देणंही नाही.

ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्याकडे एक अशी गोष्ट आहे जी नेदरलँड्समध्ये विकत मिळत नाही. त्याला देवनागरी वाचता येते. गोडोची नवी आवृत्ती येण्याआधी तिची बीटा, म्हणजे कच्ची आवृत्ती, चाचणीसाठी खुली असते. मुंबईच्या एक टाइपने बनवलेला ‘मुक्त’ किंवा ‘बलू’ फाँट घ्यावा, दोन्ही मोफत आहेत. एक संवादाची चौकट करावी आणि तिच्यात ‘स्वातंत्र्य’, ‘क्षितिज’, ‘दुसऱ्या’, ‘वाङ्मय’ असे शब्द भरावेत. मग चौकट अरुंद करत जावी आणि ओळ कुठे तुटते ते पाहावं. कर्सर ‘क्षि’च्या पोटात जाऊन थांबतो का? ‘ऱ्या’मधला अर्धा र टिकतो का? संवाद एकेक अक्षर करत उमटतो तेव्हा ‘क्ष’ आधी ‘क’ होऊन मग बदलतो, की एकदम ‘क्ष’च येतो? चौथ्या आवृत्तीत यासाठी वेगळी सेटिंग आहे, ती बदलून पुन्हा पाहावं. काही चुकलं तर पडद्याचं चित्र काढावं, लागलेला फाँट आणि आवृत्तीचा आकडा लिहावा, ‘असं दिसतं’ आणि ‘असं दिसायला हवं’ हे शेजारी शेजारी मांडून पाठवावं. तिकडे पगारावर बसलेल्या माणसाला ‘वाङ्मय’ बरोबर दिसतंय की चूक, हे नुसतं बघून कळणार नाही.